बांधाला कोण?

माझे सासरे दत्तात्रय पिसाळ परदेशात, कासलबारला आमच्या घरी आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी उठून पाहतो तर माणूस घरात नाही. फेब्रुवारीचा महिना, बाहेर आडवा पाऊस, आणि त्यांचं इंग्रजी म्हणाल तर सरकारी पत्रापुरतं. माझी बायको स्मिता रडायच्या बेतात. मी कोट चढवून रस्त्यावर आलो, तर स्वारी समोरून निवांत येत होती. पांढरा लेंगा, अंगात माझं जाकीट, डोक्यावर टोपी, टोपीवर कानटोपी आणि काखेत वही.

"जावईबापू, पूर्वेस नोरा वॉल्श, एकटी बाई. पश्चिमेस तुमच्याच दवाखान्यातला एक फिलिपिनो, नर्स हाय. दक्षिणेस सरकारी रस्ता. उत्तरंचं घर बंद दिसतंय. कोण ऱ्हातं तितं?"

मला माहीत नव्हतं. चार वर्षं आम्ही त्या घरात राहत होतो.

"चार वर्सं?" मामांनी कानटोपी काढली. "आवं, बांधाला कोण हाय ते ठाऊक न्हाय, आन् झोप लागती तुम्हाला?"

मी पुण्याचा. शेजारी कोण हे माहीत नसणं ही आमच्याकडे सभ्यता समजतात. पण मामांनी चौतीस वर्षं सातारा जिल्ह्यात तलाठी म्हणून काढली होती. निवृत्त होऊनही गावात सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणायचे. नवा माणूस भेटला की नाव, गाव, तब्येत यांतलं काही न विचारता ते पहिल्यांदा विचारायचे, "बांधाला कोण?" आमच्या लग्नाच्या बैठकीत माझ्या वडिलांनाही त्यांनी हेच विचारलं होतं. वडील म्हणाले, आमचा फ्लॅट आहे. मामा म्हणाले, मग वर-खाली कोण ते सांगा.

असं का विचारता, असं मी एकदा चिडून म्हटलं होतं. ते म्हणाले, "नाव सगळ्यांस्नी असतं, जावईबापू. एका गावात सात पांडुरंग शिंदे सापडतील. पर ज्येच्या पूर्वेस वढा आन् पश्चिमेस म्हसोबाचं रान, असा पांडुरंग शिंदे येकच."

मामा तीन महिन्यांसाठी आले होते आणि दीड वर्ष राहिले. मार्चमध्ये साथ आली, सगळं बंद झालं, विमानं थांबली, आणि सरकारने सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना उंबरठ्याच्या आत बसवलं. मामा त्र्याहत्तर वर्षांचे. मी हॉस्पिटलातून यायचो म्हणून मलाही त्यांच्या जवळ जायची चोरी. मी वरच्या खोलीतून जिन्यात ओरडायचो, ते खालून ओरडायचे. घरापासून दोन किलोमीटरच्या पुढे जायला कुणालाच परवानगी नव्हती, आणि मामांना तर तेवढीही नाही. त्यांच्या वाट्याला आलं मागचं अंगण आणि नोराबाईच्या आणि आमच्या अंगणांमधली कमरेएवढी भिंत. त्या भिंतीला ते पहिल्या दिवसापासून बांधच म्हणायचे.

नोरा वॉल्श एक्याऐंशीची. शाळेत शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, जिभेची तिखट. भावाच्या मृत्यूनंतर तिने शेत शेजाऱ्याला कसायला दिलं होतं आणि गावात येऊन राहिली होती. या दोघांनी बांधापासून एकेक मीटर आत आपापली खुर्ची मांडली. मामांनी ते अंतर पावलांनी मोजून दिलं आणि नोराला "अ‍ॅज पर रूल" असं सांगितलं. तिला ते फार आवडलं. ती ब्राऊन ब्रेड भाजून भिंतीवर ठेवायची आणि मागे सरायची. मामा तो खर्ड्याबरोबर खायचे आणि आल्याचा चहा भिंतीवर ठेवून मागे सरायचे. दोघांचं बोलणं काय व्हायचं देव जाणे. नोरा मला त्यांच्याबद्दल "युअर मॅन" म्हणून सांगायची. इथे 'तो बाबा' म्हणायचं असलं की असंच म्हणतात. "युअर मॅनने आज माझी हद्द तपासली," ती म्हणायची. "गुलाबाचं झाड अर्धा फूट तुमच्यात आलंय म्हणतो." मी शरमेने अर्धमेला झालो. ती म्हणाली, "खरंच आहे ते. तीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं."

एका दुपारी नोराने मला भिंतीपाशी बोलावलं. तिच्या हातात अमेरिकेहून आलेलं पत्र होतं. ओहायोतल्या डोना नावाच्या बाईने ते नोराच्या मूळ गावच्या चर्चला पाठवलं होतं आणि तिथल्या फादरने नोराकडे दिलं होतं. डोनाची खापरपणजी ब्रिजेट वॉल्श याच वस्तीतून दुष्काळात जहाजावर चढली होती. बटाटा कुजला, माणसं रस्त्याच्या कडेला मेली, तो पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा दुष्काळ. आपले इथे कुणी उरले आहेत का, एवढंच डोनाला विचारायचं होतं.

"आमच्याकडून एक ब्रिजेट गेली होती," नोरा म्हणाली. "माझ्या पणजोबांची बहीण. कळलं काहीच नाही तिचं. पोचली की समुद्रात गेली, तेही नाही. माझे वडील रोज रात्री जपमाळ संपली की म्हणायचे, आणि ब्रिजेट, असेल तिथे. मीही म्हणते."

"मग झालं तर! हीच ती!"

"डॉक्टर, त्या वस्तीत वॉल्शांची नऊ घरं होती. प्रत्येक घरात एक ब्रिजेट होती आणि प्रत्येक घरातून कुणी ना कुणी गेलं." तिने पत्राची घडी केली. "सध्या अंत्ययात्रेला दहाच माणसं चालतात. काल मी मोजत बसले. माझी म्हणून मला चारसुद्धा भरेनात. त्यामुळे हवंय मला कुणीतरी. पण दुसऱ्याचं माणूस उचलून आणलेलं नकोय."

मी डीएनए चाचणीचं सुचवलं. नळीत थुंकून नातं ठरवायचं का, असं विचारून तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी विषय सोडला.

पत्राच्या शेवटी डोनाने एक गंमत लिहिली होती. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या रात्रीच्या प्रार्थनेनंतर चार नावं म्हणतात. मोरान, हेनेगन, विधवा जॉइस आणि नदी. ब्रिजेटने मुलांना शिकवली, मुलांनी पुढे शिकवली. दुष्काळात मेलेल्या नातेवाइकांची असतील आणि नदीत कुणी बुडालं असेल, असं घरातले समजतात.

"नदीसाठी कोण प्रार्थना करतं?" नोरा हसत म्हणाली.

मामा खुर्चीत बसून मटार सोलत होते. "काय म्हंती?" त्यांनी विचारलं. मी उगाच सांगायचं म्हणून सगळं मराठीत सांगितलं. मटाराचं ताट खाली गेलं.

"आवं, ही चतुःसीमा हाय!"

"कसली सीमा?"

"चार बांध वो! पूर्वेस मोरान, उत्तरेस हेनेगन, पश्चिमेस ती विधवा बाई आन् दक्षिणेस नदी. मेलेली माणसं न्हाईत ती. शेजारी हाईत. लिवता न येणारी पोर, जहाजात बसाय निघालेली. वॉल्श म्हणून सांगितलं तर नऊ घरं. तिच्या आईनं चार बांध पाठ करून घेतलं आसतील. परत यायचं झालं तर घर घावावं म्हणून."

 मी भाषांतर करून नोराला सांगितलं. ती हातातल्या पत्राकडे बघत म्हणाली, "युअर मॅनला आत बोलावता येत नाही, नाहीतर मी त्याला व्हिस्की दिली असती."

आता ताडून पाहायचं राहिलं. दुष्काळ ओसरल्यावर सरकारने सगळ्या देशाची जमीन पाहून वह्या केल्या होत्या. कुठल्या तुकड्यावर कोण, सगळं नावानिशी, सोबत नकाशे. त्या वह्या इंटरनेटवर फुकट मिळतात. मी नोराच्या वस्तीची पानं छापून दिली आणि मामांचा चेहरा असा फुलला की स्मिता म्हणाली, आई गेल्यापासून अण्णांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. गट नंबर होते. एक अ, एक ब असे पोटहिस्से होते. "आपल्यासारखंच हाय की सगळं," ते म्हणाले. "इंग्रज साहेब तोच ना. हितं मोजून बघितलं आन् तितंबी मोजलं." नोराने आपलं शेत नकाशावर बोट ठेवून दाखवलं. मामांनी चष्मा पुसला, दोन दिवस जेवणाच्या टेबलाचा कब्जा घेतला आणि तिसऱ्या दिवशी बांधावर जाऊन निकाल दिला.

पूर्वेस मोरान, बरोबर. दक्षिणेस नदी, बरोबर. पण उत्तरेस जमीनदाराचं कुरण आणि पश्चिमेस कुणी गॅलाघर. हेनेगन नाही. विधवा जॉइस नाही.

"नॉट टॅली," मामा म्हणाले. "नोराबाई, अ‍ॅप्लिकेशन रिजेक्टेड."

"ग्रँड," नोरा म्हणाली. इथे ग्रँड म्हणजे बरं, ठीक, चालेल, काहीही. तिने ते असं म्हटलं की त्यात बरं काही नव्हतं. ती आत गेली. पुढचे तीन दिवस खुर्ची रिकामी, ब्रेड नाही आणि दोरीवर एक टॉवेलसुद्धा नाही.

मी चौथ्या दिवशी ड्यूटीवरून वैतागून आलो होतो. ते दिवसच वाईट होते. मामा टेबलाशी बसून म्हणत होते, "नोंद न्हाय तर मी काय करणार?" आणि माझा तोल गेला. जिन्यातून मी म्हणालो, "मामा, आयुष्यभर सांगत आलात, चावडीत बसून पंचनामा करणाऱ्या तलाठ्याचं तोंड बघू नये. तुम्ही काय केलंत? खुर्चीत बसूनच केलात ना पंचनामा?"

स्मिता माझ्याकडे डोळे वटारून पाहत राहिली. जावयाने सासऱ्याला असं बोलायचं नसतं, हे मलाही कळतं.  त्या संध्याकाळी मामा जेवले नाहीत. मी खोलीत बसून स्वतःला शिव्या घातल्या. सकाळी दारावर टकटक झाली. दाराबाहेर मामा आंघोळ करून, टोपी घालून उभे.

"जावईबापू, गाडी काढा. जागेवर चला."

मला हसावं की रडावं कळेना. तोवर दोनाचे पाच किलोमीटर झाले होते, पण नोराचं शेत चौदा किलोमीटरवर. तसं सांगितल्यावर त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. तेव्हापासून रोज सकाळी पहिला प्रश्न, "सुटलं का?" नोराला त्यांनी भिंतीवरून माझ्याकरवी निरोप दिला की निकाल स्थगित आहे, स्थळपाहणी बाकी आहे. नोरा पुन्हा खुर्चीत येऊन बसली. फार बोलत मात्र नव्हती.

जूनमध्ये जिल्ह्याच्या आत फिरायला परवानगी मिळाली आणि म्हाताऱ्यांनाही घराबाहेर पडता येऊ लागलं. आम्ही निघालो. नोरा मागे, मामा पुढे, तोंडाला मास्क, चारही काचा खाली आणि आत पावसाचे शिंतोडे. मामांच्या पायांत नोराच्या दिवंगत भावाचे गुडघ्याएवढे गमबूट होते, दोन नंबर मोठे. लेंगा त्यात खोचलेला. रस्त्यात एका मेंढ्यावाल्याने त्यांना पाहून ट्रॅक्टर थांबवला आणि आदराने हात वर केला. बहुतेक त्याला बिशप वाटले असावेत.

शेत उतारावर होतं. दगडी बांध, लव्हाळं, खाली नदी. जुन्या घराच्या दोन भिंती उभ्या होत्या. मामा दारापाशी उभे राहिले आणि तोंड पूर्वेला केलं. मग हात लांब करून त्यांनी स्वतःच इंग्रजीत विचारायला सुरुवात केली.

"दिस फील्ड. नेम?"

"ते मोरानांचं. अजूनही त्यांचंच."

"नो, नो. नॉट ओनर. फील्ड नेम." मग माझ्याकडे वळून, "तिला सांगा, मालक नको. रानाचं नाव सांग. लहानपणी गुरं घेऊन जाताना घरात काय म्हणायची, ते. आमच्यात न्हाय का, आंब्याची पट्टी, म्हातारीचं वावर. मालक बदलत्यात, रानाचं नाव बदलत नसतं."

मी सांगितलं. मामांनी हात उत्तरेला केला, जिथे वहीत जमीनदाराचं कुरण होतं.

"ते वरचं? ते हेनेगन्स," नोरा म्हणाली आणि थांबली.

वारा होता, मेंढ्या ओरडत होत्या. मामांना शब्द कळला होता. त्यांनी हात पश्चिमेकडे फिरवला.

"विडोज गार्डन," नोरा म्हणाली. या वेळी अगदी हळू. "विधवेची बाग. बाग कसली, चार ओळी बटाटे. आई म्हणायची, जा, विडोज गार्डनमधून कोंबड्या हाकल." ती दगडी बांधावर बसली. "हेनेगन नावाचा माणूस मी जन्मात पाहिला नाही, डॉक्टर. मी माणसं शोधत होते. आणि हेनेगन्समध्ये रोज गाय घेऊन जात होते. ऐंशी वर्षं मी ही नावं घेतेय."

मामा तिच्यासमोर उभे राहिले. दोन मीटर अंतर त्यांनी तेव्हाही सोडलं होतं. त्यांनी टोपी काढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगा तिला. चूक माझी. वही बघितली, वहीचं साल न्हाय बघितलं. पोर गेली तवा हेनेगन व्हते, जॉइसबाई व्हती. वही लिवणारा साहेब आला तवर दोन्ही बांध उठले व्हते. आसली चूक नव्या तलाठ्यानं केली आसती तर मी त्येला उभा केला असता."

मी सांगितलं. नोरा डोळे पुसत म्हणाली, "युअर मॅनला सांग, एवढी सुंदर चूक माझ्यासाठी कुणी केली नव्हती."

तिथेच त्या पडक्या भिंतीवर वही ठेवून मामांनी मराठीत पंचनामा लिहिला. 'आज रोजी आम्ही खाली सह्या करणार पंच समक्ष जागेवर हजर राहून' इथपासून सुरुवात आणि खाली चारही बांध. पंच क्रमांक एक नोरा वॉल्श, पंच क्रमांक दोन मी. पावसाने शाई थोडी फुटली. मी त्याचं भाषांतर करून दोन्ही कागद डोनाला पाठवले. पुढच्या रविवारी व्हिडिओवर ओहायोत एक मोठा सोफा दिसला आणि त्यावर दाटीवाटीने बसलेली डोना, तिचे दोन भाऊ, मुलं, नातवंडं. आम्ही सगळे अंगणात होतो. डोनाने चार नावं म्हणायला सुरुवात केली, मोरान, हेनेगन, आणि पुढची दोन नोराने म्हटली. मग दोन्हीकडे जी रडारड झाली ती विचारू नका. मामा मटार सोलल्याचं नाटक करत होते. फोन बंद झाल्यावर नोरा बोटं मोजू लागली आणि एकदम खदखदून हसली. "डॉक्टर, माझ्या अंत्ययात्रेला चौदा! चार जणांना बाहेर उभं राहावं लागणार!"

मामा दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये परत गेले. तोवर आमच्या वसाहतीत त्यांचा बराच बोलबाला झाला होता. उत्तरेच्या घरात राहायला आलेल्या पोलिश जोडप्याची नोंदही वहीत झाली होती. निघताना नोराने भिंतीवरून ब्रेड पुढे केला आणि या वेळी मागे सरली नाही. मामांनी तो तिच्या हातावरूनच उचलला. "नोराबाई, बाउंड्री क्लिअर," ते म्हणाले. तिने गुलाबाचं झाड अर्धा फूट आत घेतलं होतं.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले आणि मामा गेले. सकाळी चहा पिता पिता, ओसरीवर. स्मिता मिळेल त्या विमानाने निघाली. मला सुट्टी मिळाली नाही. इतकी वर्षं त्या माणसाच्या वहीची आणि टोपीची चेष्टा केली, आणि आता रिकाम्या घरात जेवणाचं टेबल बघवेना.

नोराला सांगायला मी बांधावर गेलो. तिने छातीवर क्रूस काढला.  मग तिने विचारलं, "डॉक्टर, त्याच्या घराच्या चार बाजूंना कोण आहे?"

मला माहीत नव्हतं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, दहा वेळा त्या घरी जेवलो होतो.

मी तिथूनच स्मिताला फोन लावला. घरात माणसांचा गलका ऐकू येत होता. "अगं," मी म्हणालो, "अण्णांच्या बांधाला कोण?" पलीकडे स्मिता हसली, आणि हसता हसता मोठ्याने रडायला लागली. पूर्वेस शिंदे, पश्चिमेस मुलाणी, उत्तरेस मारुतीचं देऊळ. चौथा तिने डोळे पुसून सांगितला.

मी नोराला एकेक नाव सांगितलं. तिने ते माझ्या मागून दोन-दोनदा म्हणून पाठ केलं. तेव्हापासून रोज जपमाळ संपली की ती ब्रिजेटचं नाव घेते आणि त्यानंतर शिंदे, मुलाणी, मारुतीचं देऊळ आणि ओढा. ओढ्यासाठी कोण प्रार्थना करतं, असं तिने विचारलं नाही.